हात वर, बाटली आडवी

कोडोलीसारख्या मोठ्या गावात ग्रामसभेचा कोरम किती? मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी तो. म्हणजे हजारोंनी मतदार असले तरी शंभर टाळकी जमली की सभा कायदेशीर. तीही जमली नाहीत तर सभा तहकूब करायची. पुन्हा भरवली की कोरमची अटच उरत नाही. वर्षानुवर्षं 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांना हे पाहत आल्यामुळे मला एक खोड लागलीय. कुठल्याही गावाने ‘ऐतिहासिक ठराव’ केल्याची बातमी आली की मी आधी विचारतो, मत कसं घेतलं?

गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात वादाचे सामाजिक प्रश्न सुटले ते काही एकाच वाटेने नाहीत. शाहू महाराजांनी तर कुणाला विचारलंच नाही. 1902 साली संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्या हुकमाने. 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा आला, 1919 साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद झाल्या, तेही हुकमानेच. तेव्हा गावोगाव हात वर करायला सांगितले असते तर यातला एकही हुकूम पास झाला नसता, हे उघड आहे. शाहूंचं नाव घेऊन ‘गावाची इच्छा, गावाचा निर्णय’ म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं. कोडोलीत मिशनचा दवाखाना झाला, ख्रिस्ती वस्ती रुजली, तीही मतदानाने नव्हे. दुखणं आलं की माणूस तिथे गेला, आणि जाता-येता ओळख झाली.

मतदान खऱ्या अर्थाने आलं ते दारूच्या प्रश्नावर. मार्च 2008च्या सरकारी आदेशाने बायकांच्या हाती एक हत्यार दिलं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, सह्यांची पडताळणी व्हायची आणि मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही समजेल अशी ही निवडणूक. ‘बाटली आडवी करा’ ही घोषणा महाराष्ट्रभर पसरली.

मेख पुढे आहे. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. समजा यादीत 4000 बायका आहेत. 2400 आल्या आणि त्यातल्या 1900 जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान उघडंच. 2001 हव्यात. यादीत मेलेल्यांची नावं असतात, लग्न होऊन सासरी गेलेल्यांची असतात, ऊसतोडीला बाहेर पडलेल्यांचीही असतात. ही सगळी नावं न बोलता उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतात. आमदार निवडून द्यायला इतकी कडक अट नाही. गाड्या लावून, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणूनही काही मतांनी हरलेल्या बायकांचा संताप मी समजू शकतो.

तरीही ही पद्धत मला ग्रामसभेपेक्षा उजवी वाटते, कारण ती गुप्त आहे. जिचा नवरा रोज संध्याकाळी त्याच दुकानात बसतो, तिला भर सभेत हात वर करायला सांगणं म्हणजे रात्री मार खायला सांगणं. पडद्यामागे तिचं मत फक्त तिचं असतं. बरं, उंबरठा एवढा उंच असल्यामुळे जिंकल्यावर ‘चार बायकांनी ठरवलं’ असं म्हणायची कुणाची टाप नसते.

मग 4 मे 2022. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, हे गावात करायचं नाही. सूचक आणि अनुमोदक दोघीही बायका. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला दोन दिवस उरले होते. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही तसाच ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे मार्च 1920च्या परिषदेत शाहूंनी बाबासाहेबांना पुढे केलं. त्याच महिन्यात ग्रामविकास खात्याने राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. या ठरावाला शिक्षेचं बळ नव्हतं. नवरा गेलेल्या घरात नणंद-जावा पुढे सरसावल्या तर ठरावाचा कागद त्यांचा हात धरत नाही. पण त्या बाईला ‘गावानंच ठरवलंय’ असं म्हणायला आधार मिळाला. माझ्या लेखी तो थोडाथोडका नाही.

हेरवाडचं कौतुक करताना लोक म्हणाले, बघा ग्रामसभेची ताकद! दोन वर्षांनी त्याच ताकदीची दुसरी बाजू दिसली. 2024 साली करवीर तालुक्यातल्या शिंगणापूर ग्रामपंचायतीचा एक ठराव बाहेर आला: गावात नव्याने येणाऱ्या मुस्लिमांची नावं मतदार यादीत घालायची नाहीत. मतदार यादी निवडणूक आयोगाची. त्यात कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हा ग्रामपंचायतीचा विषयच नव्हे. ओरड झाली, खुलासे झाले आणि ठराव मागे घ्यावा लागला. पुढल्या वर्षी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदीचा ठराव केला. तो प्रशासनाने रोखला.

हेरवाड आणि शिंगणापूर, जिल्हा एक. हत्यारही तेच: रजिस्टर, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’. फरक एवढाच की हेरवाडने स्वतःला बंधन घालून घेतलं आणि शिंगणापूरने दुसऱ्याचं काढून घेतलं. हेरवाडच्या ठरावाने ज्यांना काही सोडायचं होतं ते सभेत बसले होते. शिंगणापूरच्या ठरावाने ज्यांचं जाणार होतं ते अजून गावात राहायलाही आले नव्हते. ‘सर्वानुमते’ या शब्दावर माझा भरवसा उडाला तो इथे.

गावातलं देशी दारूचं एक दुकान बंद करायला निम्म्याहून जास्त बायकांना बाहेर पडून चिठ्ठीवर शिक्का मारावा लागतो. माणसाला मतदार यादीबाहेर ठेवायच्या ठरावाला मात्र साधं बहुमत चालतं, तेही हात वर करून. आडव्या बाटलीची अट सैल करा ही मागणी रास्तच आहे. पण त्याआधी दुसऱ्याच्या हक्काला हात घालणारा ठराव सभेपुढे घेताच येणार नाही, असं कलम ग्रामपंचायत कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला हवं. आज तो ठराव आधी मंजूर होतो, पेपरात येतो, आणि तो चूक आहे हे मग कुणीतरी साहेब सांगतो.