कोरचीची महाग्रामसभा

गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात गोंड आणि कंवर आदिवासींची मोठी वस्ती. २००६च्या वनहक्क कायद्याने गावाच्या जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य केला. पण जंगलातला तेंदूपत्ता विकत घेणाऱ्या ठेकेदारापुढे एकटी ग्रामसभा कितीशी टिकणार? म्हणून सुमारे ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभारली.

तेंदूला कोवळी पालवी भरपूर फुटावी म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी जंगलाला आग लावायची, ही तेंदूच्या धंद्यातली जुनी खोड. त्यात रोपटी जळतात, मातीतली ओल जाते. म्हणून वणवा रोखणे हेच इथल्या ग्रामसभांचे हवामान-धोरण म्हणा ना! तालुक्यातल्या झेंडेपारच्या लोहखनिज खाणीलाही इथून विरोध झाला. महाग्रामसभेत दर ग्रामसभेमागे दोन बाया, दोन पुरुष प्रतिनिधी. इतकी बरोबरी आपल्या विधानसभेत अजून आलेली नाही.