आजोबांचं घड्याळ: ओळखायचं कसं, जपायचं कसं

बचत गटाच्या या कार्यक्रमात आपण हप्ते, शेळ्या, शिलाई, पापड अशा विषयांवर नेहमी बोलतो. आज बोलायचंय ते घरातल्या पत्र्याच्या पेटीत, कागदपत्रांच्या खाली फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या एका वस्तूबद्दल. आजोबांचं मनगटी घड्याळ. पुष्कळ घरांत ते आहे. बहुतेक ठिकाणी बंद आहे, आणि बंद आहे म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

आम्हीही विचारत नव्हतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या दारात फेरीवाला आला. जुनी घड्याळं, जुने रेडिओ, पितळी भांडी घेतो म्हणाला. तिने पेटीतून सासऱ्यांचं घड्याळ काढलं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. फेरीवाल्याने ते उलटून पाहिलं, कानाला लावलं आणि दोनशे रुपये सांगितले. गटाचा हप्ता त्याच दिवशी भरायचा होता, तोही दोनशेच. तिने होकार दिला. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी घड्याळ त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात ह्यांच्या हातावरलं हेच घड्याळ बघून आम्हाला सुट्टी व्हायची. तलावाच्या कामावर शंभर बाया होतो आम्ही. सगळ्यांचं ध्यान ह्यांच्या मनगटाकडं. हे देयाचं नाही."

१९७२च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात गावोगावी खडी फोडायची, पाझर तलावाची, रस्त्याची कामं निघाली होती. मैत्रिणीचे सासरे तशाच एका कामावर मुकादम होते. तिचं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, पण ही गोष्ट तिने पहिल्यांदा ऐकली. पुढच्या बैठकीला ती घड्याळ घेऊन आली. हप्ता आम्ही पुढच्या आठवड्यावर ढकलला आणि घड्याळाची माहिती काढायला लागलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, घड्याळ चावीचं आहे, ऑटोमॅटिक आहे की सेलचं, ते ओळखा. सेलच्या घड्याळात सेकंद काटा बहुधा सेकंदाला एक उडी मारतो. चावीच्या घड्याळात तो सरकत जातो. कानाला लावलं तर जुन्या चावीच्या घड्याळाची टिकटिक भरभर ऐकू येते. बऱ्याच घड्याळांत ती एका सेकंदात पाच वेळा होते. बंद घड्याळ हळूच हलवून पाहा. आत काहीतरी गोल फिरल्यासारखं वाटलं तर ते ऑटोमॅटिक असू शकतं. त्यात एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते.

दुसरी गोष्ट, तबकडी वाचा. वर कंपनीचं नाव असतं. अगदी खाली, सहाच्या आकड्यापाशी, बारीक अक्षरात देशाचं नाव असतं. ते वाचायला भिंग लागेल. भिंग नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा. आमच्या मैत्रिणीच्या घड्याळावर एचएमटी होतं आणि खाली जनता.

एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, सरकारी कंपनी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला तिचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. पहिली घड्याळं पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे बहुधा परदेशी, महाग, नाहीतर चोरट्या मार्गाने आलेलं. एचएमटीने ते शिक्षक, तलाठी, कंडक्टर, मुकादम यांच्या हातावर आणलं. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि एचएमटी, हे आपल्या आयांच्या पिढीने पाहिलं आहे, आणि त्यापायी बापाने काढलेलं कर्जही पाहिलं आहे. जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर, कांचन ही त्यातली गाजलेली नावं. बायकांसाठी सुजाता नावाचं लहान घड्याळ होतं. आणि हेही लक्षात ठेवा, बंगळूरच्या कारखान्यात हे बारीक भाग जोडणाऱ्या हातांत पुष्कळ हात बायकांचे होते. पुढे सेलच्या घड्याळांनी आणि टायटनने बाजार घेतला. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला.

तुमच्या घरात आणखी जुनं घड्याळ असेल तर त्यावर वेस्ट एंड, फेव्हर ल्यूबा किंवा रोमर अशी नावं दिसतील. ही स्वित्झर्लंडची. वेस्ट एंडचं सोवार हे घड्याळ फौजेत आणि रेल्वेत फार चालायचं. सोवार म्हणजे आपला स्वार. फेव्हर ल्यूबाचा मुंबईतला व्यापार तर १८६५ पासूनचा. ऑल्विन नाव असेल तर ते हैदराबादचं, जपानच्या सेको कंपनीच्या मदतीने बनलेलं.

तिसरी गोष्ट, तबकडीवरच्या शब्दांना फसू नका. '१७ ज्वेल्स' वाचून आमच्यातल्या दोघींना वाटलं, आत सतरा हिरे आहेत. तसं नाही. जात्याचा मधला खिळा आठवा. वरची तळी त्या खिळ्याभोवती फिरते, आणि घासून घासून खिळा झिजतो. घड्याळातली चाकंही अशाच बारीक टोकांवर फिरतात. ती झिजू नयेत म्हणून टोकं लाल खड्यांत बसवलेली असतात. खडे माणकाचेच, पण कारखान्यात बनवलेले आणि तिळाहून लहान. ते काढून विकले तर चहासुद्धा येणार नाही. तसंच केसवर '२० मायक्रॉन' असं असेल तर घड्याळ सोन्याचं नव्हे. वर फक्त ०.०२ मिलिमीटर जाडीचा सोन्याचा थर आहे. कडेला घासलेल्या जागी पिवळं पितळ उघडं पडलेलं दिसतं. 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी चाळीस-पन्नास वर्षांत आतली रबरी चकती कडक होते. त्या शब्दावर विसंबून भांडी घासू नका, धुणं धुऊ नका.

चौथी गोष्ट, तबकडी आणि आतलं मशीन एकाच कंपनीचं आहे का? जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली भडक तबकडी बसवून विकायचा धंदा मोठा आहे. अक्षरं जाड, वाकडी, रंग अगदी कोरा दिसला तर शंका घ्या. मशीनवर कंपनीचं नाव किंवा खूण कोरलेली असते. पण झाकण घरी उघडू नका, घड्याळजीकडून उघडून घ्या.

आता आमची चूक सांगतो. घड्याळ बैठकीत आलं तेव्हा आम्ही शहाणपणा केला. शिलाई मशीन अडलं की आपण तेल सोडतो, मग घड्याळालाही सोडू. एकीने कात्रीच्या टोकाने झाकण उचकटलं आणि मशीनच्या तेलाचे दोन थेंब आत टाकले. घड्याळ चालू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा बंद पडलं आणि झाकणावर कायमचा ओरखडा राहिला तो राहिलाच.

तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ एक म्हातारे घड्याळजी बसतात. त्यांनी घड्याळ उघडलं आणि आमच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, घड्याळाचं तेल वेगळं असतं, ते सुईच्या टोकाने टेकवायचं असतं, ठराविक जागीच. जास्त तेल पसरतं, त्यात धूळ बसते, आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगला लागलं तर तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात. मग घड्याळ वेड्यासारखं पुढे पळतं, नाहीतर थांबतं. त्यांनी मशीन पूर्ण खोललं, धुतलं, पुन्हा जोडलं. फार दिवस बंद पडलेलं घड्याळ नुसती चावी देऊन चालवत राहिलं तरी बिघडतं, हेही त्यांनीच सांगितलं. आतलं तेल वाळलेलं असतं, कोरड्या टोकांवर चाकं घासतात. म्हणून आधी सफाई, मग चावी.

घड्याळजीकडे देताना चार कामं करा. पुढून, मागून आणि झाकण उघडल्यावर आतून फोटो काढा. पावती घ्या. तबकडी रंगवू नका आणि केसला पॉलिश करू नका, असं आधीच सांगा. जुनी पिवळी पडलेली तबकडी खरी असते, रंगवली की तिची ओळख जाते. आणि बदललेला प्रत्येक भाग परत मागून घ्या.

घड्याळ चालू झालं की रोज ठरल्या वेळी चावी द्या. आमची मैत्रीण सकाळी चूल पेटवायच्या आधी देते. हातातून काढून द्या, हळू द्या, आणि चावी घट्ट लागली की थांबा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख फिरवू नका. त्या वेळी आतले दाते तारीख बदलायच्या कामात गुंतलेले असतात, ते तुटतात. दिवसाला मिनिटभर पुढेमागे झालं तर काळजी नको, जुन्या घड्याळाचं तेवढं चालायचंच. एकाएकी फार पुढे जायला लागलं तर लोहचुंबक लागलं असेल. स्पीकर, आणि चुंबकाचं बटण असलेलं मोबाइलचं कव्हर यांपासून लांब ठेवा. घड्याळजी तो दोष घालवून देतात.

घामाने सगळ्यात जास्त नुकसान होतं. रात्री काढलं की सुती फडक्याने मागची बाजू पुसा. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात किंवा तव्याजवळ ठेवू नका, लगेच घड्याळजीकडे न्या. तांदळात पुरून ठेवायचा उपाय करू नका, पिठाची धूळ आत जाते. पेटीत ठेवायचं असेल तर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, आणि नव्या चपलेच्या खोक्यात ओल शोषणारी जी पुडी येते तीही टाका. डांबराच्या गोळ्या शेजारी नकोत. काच प्लास्टिकची असेल तर तिच्यावरचे बारीक ओरखडे थोडी टूथपेस्ट मऊ फडक्यावर घेऊन चोळल्याने कमी होतात. पेस्ट कडेला जाऊ देऊ नका.

एक धोक्याची सूचना. १९६०च्या आधीच्या काही घड्याळांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यांना खरं रेडियम लावलेलं असायचं. आपण ट्रॅक्टरच्या मागे चिकटवतो त्या पट्टीला रेडियम म्हणतो, तिचा याच्याशी संबंध नाही. हे रेडियम विषारी किरणं सोडतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायला शिकवलं होतं. त्यांचे जबडे सडले, कित्येक जणी मेल्या. त्यांनी कंपनीवर दावा लावला, आणि त्यातून कामगारांच्या सुरक्षेचा प्रश्न जगापुढे आला. चमक विझली तरी रेडियम तसंच राहतं, ते सोळाशे वर्षांत निम्मं होतं. म्हणून फार जुन्या घड्याळाचे आकडे, काटे तपकिरी भुकटीसारखे दिसत असतील तर ते उघडू नका, खरवडू नका, लेकरांच्या हाती देऊ नका.

आता प्रश्न पैशाचा. एचएमटीची जुनी घड्याळं जमवणारे लोक शहरांत आहेत, म्हणूनच फेरीवाले दारात येतात. पण साध्या जनताचे लाख रुपये येत नाहीत. विकायचंच असेल तर नाव पाहा, फोटो काढा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, आणि घरातल्या सगळ्यांना विचारा. अडचणीच्या दिवशी दारातल्या दारात व्यवहार करू नका. अडचणीसाठी गटाचं कर्ज आहे.

आणि घड्याळ कुणाला द्यायचं? आपल्याकडे रीत आहे की घड्याळ लेकाला. हिंदू वारसा कायदा मात्र १९५६ पासून वडिलांच्या स्वतःच्या, मृत्युपत्र न केलेल्या मालमत्तेत विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखे वारस मानतो, आणि घड्याळही त्यातच आलं. आमच्या मैत्रिणीच्या घरी सासूबाईंनीच निकाल लावला. लेकीला, नणंदेला बोलावून घेतलं, दोघींच्या समोर घड्याळ दहावीतल्या नातीच्या हातावर बांधलं. म्हणाल्या, "परीक्षेला घालून जा. मनगट लहान हाय, पट्ट्याला एक भोक पाड." घड्याळ कुणाचं, कुठल्या कामावर कुणी घातलं, हे त्यांनी सांगितलं आणि नातीने कागदावर लिहून डबीत ठेवलं. त्या कागदावर तळ्याच्या कामावर असलेल्या अकरा बायांची नावं आहेत. सासूबाईंना तेवढी आठवली.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला घरातलं जुनं घड्याळ घेऊन या, आणि जमलं तर आजीलाही घेऊन या. झाकण मात्र उघडू नका. राम राम.