नागरिकत्वाचे शिक्षण, माध्यमिक शाळांतील

विद्यार्थ्यांना लोकशाही राज्यव्यवस्थेचे ज्ञान देऊन तीत विचारपूर्वक भाग घेण्यास समर्थ करणारे शिक्षण. नागरिकशास्त्रात शासनसंस्थांची रचना व कार्ये यांच्या माहितीला प्राधान्य असते. नागरिकत्वाच्या शिक्षणात तिच्याबरोबरच पुरावा तपासणे, मतभेद सहन करणे व सामूहिक निर्णय घेणे या कौशल्यांनाही तितकेच महत्त्व असते.

लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा विचार अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांनी ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) या ग्रंथात मांडला. भारतात मुदलियार आयोगाने (१९५२-५३) लोकशाही नागरिकत्वाचा विकास हे माध्यमिक शिक्षणाचे एक उद्दिष्ट मानले. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर्षे झाल्यामुळे (१९८९) शालेय शिक्षण आणि मताधिकार यांतील अंतर बरेच कमी झाले. वसाहतकाळात सुरू झालेल्या नागरिकशास्त्राचा भर आज्ञापालन व राजनिष्ठा यांवर होता, असे नमूद करून राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने (२००५) त्याच्या जागी राज्यशास्त्र हा विषय सुचविला. इंग्लंडमध्ये बर्नार्ड क्रिक (१९२९–२००८) यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर (१९९८) हा विषय २००२ पासून माध्यमिक शाळांत अनिवार्य झाला. सामाजिक व नैतिक जबाबदारी, समाजकार्यातील सहभाग आणि राजकीय साक्षरता ही त्याची तीन अंगे त्या अहवालात सांगितली आहेत.

शिक्षकाची भूमिका : वादग्रस्त प्रश्न टाळल्यास विषय निर्जीव होतो, शिक्षकाने स्वतःचे मत लादल्यास शिक्षणाचा प्रचार होतो. या पेचावर पश्चिम जर्मनीतील बॉइटेल्सबाख येथील परिषदेतून (१९७६) तीन तत्त्वे पुढे आली : (१) विद्यार्थ्यांवर मत लादून त्यांच्या स्वतंत्र निर्णयास बाध आणू नये; (२) समाजात व अभ्यासक्षेत्रात जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे; (३) राजकीय परिस्थिती व तीतील स्वतःचे हितसंबंध यांचे विश्लेषण करण्यास विद्यार्थ्याला समर्थ करावे. तथापि प्रत्येक प्रश्नाला दोन समान बाजू असतात, असा याचा अर्थ नाही. अस्पृश्यतापालन हा भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेला आचार असून त्याची मांडणी मतभेदाचा विषय म्हणून करता येत नाही.

अध्यापनपद्धती : परिसरातील प्रत्यक्ष प्रश्नापासून आरंभ करणे उपयुक्त ठरते. गावातील पाणीपुरवठा हा विषय घेतल्यास तो कोणत्या संस्थेच्या अखत्यारीत येतो, खर्चाची तरतूद कोठून होते, कोणत्या वस्तीला पाणी कमी मिळते व का, यांचा शोध विद्यार्थी घेतात. ग्रामसभेचे कामकाज आणि माहितीच्या अधिकाराचा अधिनियम (२००५) यांचे ज्ञान अशा वेळी सप्रयोजन होते. शिक्षकाने उत्तर न सांगता साधने पुरवावीत, अबोल विद्यार्थ्यांना बोलण्याची संधी द्यावी आणि अखेरीस निष्कर्षांची छाननी करून घ्यावी. अभिरूप संसद व विद्यार्थिमंडळ ही साधनेही उपयोगी आहेत; मात्र विद्यार्थिमंडळाला शाळेच्या एखाद्या बाबीत खरा निर्णयाधिकार नसल्यास त्याची निवडणूक केवळ उपचार ठरते.

अडचणी : मोठे वर्ग, परीक्षाकेंद्रित अध्यापन, पालकांचा संशय आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणातील उणीव या प्रमुख अडचणी होत. लेखी परीक्षेत अनुच्छेदांचे स्मरण तपासता येते, सहभागाची गुणवत्ता तपासणे कठीण असते. म्हणून नोंदवह्या, प्रकल्प व चर्चेचे निरीक्षण यांद्वारे मूल्यमापन करावे लागते. विद्यार्थ्याने कोणते मत स्वीकारले याला गुण न देता, ते कोणत्या आधारावर स्वीकारले आणि विरोधी मत किती प्रामाणिकपणे समजून घेतले, हे पाहणे अशा मूल्यमापनात अभिप्रेत असते.