तिथी, भरती आणि गळ

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात बसून समुद्रातल्या मासेमारीवर बोलायचं म्हणजे तुम्हाला गंमत वाटेल. पण कोल्हापूर समुद्रापासून फार लांब नाही. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचं पाणी दोन वाटांनी जातं. पूर्वेकडचं कुंभीतून पंचगंगेला मिळतं आणि पुढं कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जातं. पश्चिमेकडं उतरलेलं पाणी वाघोटन नदीतून विजयदुर्गच्या खाडीला पोचतं. आपण दिवाळीच्या, मेच्या सुट्टीत त्याच पाण्यामागं घाट उतरून देवगड, मालवण, तारकर्ली, रत्नागिरीला जातो.

हल्ली या सहलीत गाडीच्या टपावर बऱ्याचदा एक लांब पिशवी बांधलेली दिसते. तिच्यात मासे पकडायची काठी, म्हणजे रॉड असतो. भाऊ, नवरा, मुलगा, आणि आता काही मुलीसुद्धा खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून गळ टाकतात. कोकणात याला ‘गरवणं’ म्हणतात. हे गरवणं कसं चालतं, मासा उथळ पाण्यात का येतो, आणि हाती लागलेला मासा कधी सोडून द्यावा, हे आज समजून घेऊ.

मासा उथळ पाण्यात का येतो?

खाडी समुद्राला मिळते तिथं चिखलाचे आणि वाळूचे मोठे सपाट पट्टे असतात. ओहोटीला ते उघडे पडतात, भरतीला त्यांच्यावर गुडघाभर किंवा कमरेइतकं पाणी चढतं. वरून ते ओसाड दिसतात. पण बोटभर चिखल उकरला तर त्यात तिसऱ्या, मुळे, किडे, लहान खेकडे सापडतात. कडेला कांदळवन असतं. त्याच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्लं लपून वाढतात. थोडक्यात, ही जागा म्हणजे माशांचा पाळणाही आहे आणि त्यांचं जेवणाचं ताटही.

भरतीचं पाणी पट्ट्यावर चढू लागलं की बोयांचे थवे खायला आत येतात. त्यांच्या मागोमाग मोठे मासे येतात. जिताडा, ज्याला सिंधुदुर्गात आणि गोव्यात चोणक म्हणतात, तो कांदळाच्या सावलीत किंवा बुडालेल्या ओंडक्याशी दबा धरून बसतो. तांबोशी मुळांच्या आणि खडकांच्या सांदीत राहते. रावस खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटतात तिथं फिरतो. ओहोटी लागली की सगळं पाणी लहान लहान चरांतून परत खाडीत उतरतं. लहान मासे, कोळंबी त्या धारेबरोबर बाहेर येतात आणि चराच्या तोंडाशी मोठा मासा वाट बघत असतो. म्हणून जाणकार माणूस अथांग पाण्यात गळ टाकत बसत नाही. पाणी कुठून चढतं आणि कुठून उतरतं हे तो आधी बघतो.

भिंतीवरचं कॅलेंडर कामाला येतं

हे सगळं वेळेवर अवलंबून आहे, आणि ती वेळ तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे. किनाऱ्यावरच्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथीवरून भरती काढतात. हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती.

समजा चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊच्या सुमाराला ओहोटी पूर्ण. अष्टमीला भरती सहा वाजता, ओहोटी बाराच्या पुढं. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढं सरकते. हा ढोबळ अंदाज आहे. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघावं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था लाटांचा आणि समुद्राच्या स्थितीचा अंदाज देते, निघण्यापूर्वी तोही बघावा.

पाणी किती चढेल हेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, धारेला जोर असतो. अष्टमीच्या सुमाराला ही ओढ विभागली जाते. तेव्हाच्या मंद भरतीला ‘भांग’ म्हणतात. मालवणच्या बाजूला उधाणात भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटर असतो, मुंबईकडं तो चार मीटरच्या पुढं जातो. गरवायला नव्यानं जाणाऱ्यानं ऐन उधाण टाळावं. त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत पाणी पुरेसं हलतं, पण माणसाला ओढत नाही.

काठी, दोरा आणि खोटा मासा

कोकणातलं जुनं साधन म्हणजे हातात धरायचा तंगूस, टोकाला गळ आणि त्याला जिवंत कोळंबी. आजही त्यानं उत्तम मासा मिळतो. नवीन साधनात खरं आमिष नसतं, खोटं असतं. त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिला लूअर. लाकडाचा, प्लॅस्टिकचा किंवा रबराचा लहान मासा. त्याला वजन असतं, म्हणून फेकल्यावर तोच दोऱ्याला ओढत नेतो. दोरीला खडा बांधून भिरकवावा तसं. सात-आठ फुटी रॉड आणि मध्यम रीळ त्याला पुरतं. लूअर पाण्यात पडला की रीळ सारखं फिरवत राहायचं नाही. थोडं ओढायचं, थांबायचं, पुन्हा झटका द्यायचा. घायाळ मासा असाच पोहतो, आणि जिताडा बहुतेक वेळा त्या थांबण्याच्या क्षणीच झडप घालतो.

दुसरा प्रकार फ्लाय. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली कोळंबीची किंवा बारक्या माशाची नक्कल. तिला वजनच नसतं. मग ती लांब जाते कशी? इथं दोराच जाड आणि वजनदार असतो. ओलं लुगडं दोरीवर टाकताना आपण हात मागं नेऊन झटकतो, आणि कापडाच्या वजनानं त्याचं टोक पलीकडं जाऊन पडतं. कोरडा रुमाल तसा जात नाही. फ्लायची फेक अगदी तशीच. त्यात ताकदीपेक्षा लय लागते, त्यामुळं मुली ती लवकर शिकतात. फ्लाय पाण्यावर अलगद उतरते, हा तिचा फायदा. गुडघाभर पाण्यात मासा बिचकलेला असतो, तिथं धप्पकन पडलेला लूअर त्याला पळवून लावतो.

दोन्हींत एक काळजी घ्यायची. जिताड्याच्या कल्ल्यांवरची झाकणं धारदार असतात, ती बारीक दोरा सहज कापतात. म्हणून गळाजवळ हातभर जाड तंगूस बांधतात.

पाण्यात उतरताना

चिखलात पाकट अंग पुरून बसलेली असते. तिच्या शेपटीला विषारी काटा असतो. पाय उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा, म्हणजे ती आधीच निघून जाते. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. कालवांच्या कडा सुरीसारख्या कापतात, म्हणून जाड तळाचे, घट्ट बसणारे बूट हवेतच. भरती चढायला लागली की पट्ट्याच्या मधल्या उंचवट्यावर राहू नका. पाणी आधी मागच्या चरात भरतं आणि परतीची वाट बंद होते. चिपळूणच्या वाशिष्ठी खाडीत मगरी आहेत, तिथं पाण्यात उतरायचंच नाही. कुठंही जाल तिथं गावातल्या माणसाला आधी विचारा. मालवणला १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य घोषित झालेलं आहे. त्या भागात गळ टाकण्यापूर्वी नियम विचारून घ्यावेत.

मोठा मासा म्हणजे मादी

आता आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

जिताडा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की तो नर म्हणून प्रजननात भाग घेतो. पुढं साधारण सहा-सात वर्षांचा, दोन हात लांबीच्या आसपास पोचला की त्याची मादी होते. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे जवळपास सगळे माद्या असतात. पावसाळ्याच्या सुमाराला त्या खाडीच्या तोंडाशी येतात आणि पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीच्या वेळी अंडी सोडतात. भरतीचं पाणी ती अंडी-पिल्लं आत, कांदळवनाकडं घेऊन जातं. आपण ज्या तिथीवरून गळ टाकायची वेळ काढतो, तीच तिथी तिच्या बाळंतपणाचीही आहे. पूर्ण वाढलेली मादी लाखांनी अंडी देते, फार मोठी असेल तर कोटीच्या पुढं.

अशी एक मादी फोटो काढून कापली, तर तिची जागा घ्यायला दुसऱ्या माशाला सहा-सात वर्षं जगावं लागतं. म्हणून खाडीवर गरवणाऱ्यानं एक साधा नियम पाळावा. हातभरापेक्षा लहान जिताडा सोडायचा, कारण तो अजून एकदाही प्रजननात उतरलेला नाही. दोन हातांच्या जवळ गेलेला सोडायचा, कारण ती मादी आहे. मधला, सव्वा-दीड हाताचा एखादा घरी न्यावा. चार माणसांचं कालवण त्यात निवांत होतं.

सोडण्याचीही रीत आहे. गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाकावा, म्हणजे गळ चटकन निघतो. हात ओले करूनच मासा धरावा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. जबड्यानं लटकवू नये, पोटाखाली हात द्यावा. तापल्या वाळूवर ठेवू नये. पाण्यातच, तोंड धारेकडं करून धरावा आणि त्यानं स्वतः शेपूट मारली की हात काढावा.

कुणी म्हणेल, मोठ्या बोटी जाळ्यांनी ओढतात, आमच्या एका गळानं काय होतं? बोटींनाही नियम आहेत. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, त्यामागंही लहान पापलेटं मारली जाऊन तो कमी होत चालल्याची चिंता होती. पण खाडीतला जिताडा मुळातच थोडा. तिथं एकेक मादी मोजण्यासारखी असते, आणि तिला सोडायचं की मारायचं हे फक्त काठी धरणाऱ्याच्या हातात असतं.

त्या पट्ट्यावर आधीपासून असलेल्या बायका

रत्नागिरीजवळच्या भाट्ये, काळबादेवीसारख्या खाड्यांत ओहोटीला बायका वाकून तिसऱ्या-मुळे काढताना दिसतील. कोयतीनं कालवं फोडणाऱ्याही दिसतील. आपल्याला जो विरंगुळा आहे, ती त्यांची रोजची कमाई आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. खाडी जिवंत राहिली तरच या दोन्ही प्रकारचा रोजगार टिकतो.

या बायका चिखलात बहुधा अनवाणी असतात. तुटून राहिलेला गळ त्यांच्याच पायात जातो. फेकलेल्या तंगुसात बगळ्यांचे पाय अडकतात, आणि तो वर्षानुवर्षं कुजत नाही. म्हणून गाडीत एक रिकामी बरणी ठेवा. तुटका गळ, तोडलेला दोरा त्यात टाका, झाकण लावा आणि घरी आणा. घरातलं कुणी गरवायला निघालं, तर डब्याबरोबर ती बरणीही आठवणीनं द्या. निघण्याआधी कॅलेंडरसमोर उभं करून तिथीची पाऊणपट किती, हेही विचारा. आणि दोन हातांचा मासा लागला तर काय करायचं, ते घरातून निघण्याआधीच ठरवून टाका. कारण काठी वाकलेली असताना माणसाला ते सुचत नाही.