बांधावरचं रान

लातूर जिल्ह्यात जंगल कुठं, असं विचारलं की माणसं हसतात. सरकारी दप्तरात जिल्ह्याच्या एक टक्का जमिनीवरही वन नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानं देशासाठी उद्दिष्ट ठेवलं ते एक तृतीयांशाचं. तरी निलंगा, औसा भागात सावली भेटते. ती बांधावरच्या चिंचेची, आंब्याची, लिंबाची. म्हणजे कुणाच्या तरी घरची.

बँकेत असताना शेतीकर्जाच्या निमित्तानं लातूर-नांदेडची पुष्कळ शेतं मी पायाखाली घातली. विहीर मोजायची, मोटर पाहायची, जमीन हलकी की भारी ते लिहायचं. आजोबांनी लावलेल्या चिंचेला आमच्या छापील फॉर्मात रकाना नव्हता. घरात मात्र तिचा हिशेब चोख. चिंचा झोडपल्या की बायका अंगणात फोडत बसत. चिंचोके वेगळे, गर वेगळा. पोरांच्या वह्या त्यातून निघत. आणि दवाखान्याचा मोठा खर्च आला की नजर जाई ती त्याच झाडाच्या बुंध्याकडे. व्यापारी उभ्या झाडाचाच सौदा करी. शिवाय वाटण्या! सावलीनं कुणाची ज्वारी बसते, यावरून तीन पिढ्यांचं झाड एका दिवसात आडवं होतं.

कायदा आहे. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमात साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ अनुसूचित आहेत. स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. १९७५ च्या खाजगी वने अधिनियमानं तर खाजगी वनंच सरकारजमा केली. हेतू चांगला. पण किनवट-माहूरकडे साग शेतात आपसूक उगवतो, आणि विकायचा तर ‘मालकी’ प्रकरण करा, मोजणी, शिक्का, वाहतूक परवाना. त्यापेक्षा रोप असतानाच उपटलेलं बरं, म्हणणारे मला भेटले. मला त्यांचा राग आला नाही. १९९० पासून रोजगार हमीतून फळझाडं लावायला पैसे मिळू लागले. पुढं चाळीस वर्षं राखायला कोण देतं?

निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नुसत्या मानांकनानं पोट भरत नाही. पण फळाला नावाचा भाव आला, तर दरसालची चिंच आणि एकदाचं लाकूड यांचा हिशेब शेतकरी मांडू शकेल. तो मांडायला त्याला बँकेची गरज नाही.