ओल्या कागदावरील रंग

शाळेंत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या अनेकांचा हात पेन्सिल-रबरावर बसलेला असतो. रेघ चुकली, पुसली, पुन्हा काढली. निर्दोषतेची अशी संवय जडलेला मनुष्य जलरंगाकडे वळला कीं बिचकतो, आणि ‘हें आपल्याला साधणार नाहीं’ म्हणून रंगपेटी मिटून ठेवतो.

दोष त्याचा नव्हे; हें माध्यमच निराळ्या स्वभावाचें आहे. भिजविलेल्या कागदावर कुंचला टेकला कीं रंग पाण्याबरोबर आपल्या वाटेनें पसरतो. कागदावर ओलसर चकाकी आहे तोंवर त्याला खुशाल वळवावें. कागद तिरपा धरला तरी पुरे. चकाकी गेली कीं हात आवरावा. अर्धवट सुकलेल्या रंगांत डाग सुधारण्यासाठीं पाणी सोडलें, तर तें रंगकणांना पुढें ढकलीत नेतें आणि फुलकोबीसारखी वेडीवांकडी किनार उमटते. चित्र बहुधा बिघडतें तें पहिल्या फटकाऱ्यानें नव्हे, दुरुस्तीनें!

म्हणून जाड कागदाच्या एका तावाचे आठ तुकडे करावे, एकच निळा रंग घ्यावा आणि आठहि तुकड्यांवर पावसाळी आकाश रंगवावें. एक फसला तरी सात आहेतच. मात्र वाळण्यापूर्वीं एकहि फाडूं नये. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, आणि ओलेपणीं निव्वळ डाग वाटलेला ठिपका पुष्कळदां दुसऱ्या दिवशीं चांगला ढग होऊन बसलेला असतो.