विहिरीवरील डिझेल इंजिन जास्त तेल का खाते?

जेथे विजेचा पुरवठा नसतो अथवा ठराविक तासच मिळतो, तेथे पिकाची तहान डिझेल इंजिनाच्या आधारे भागवावी लागते. अशा शेतकऱ्याच्या ओलिताच्या खर्चात डिझेलचा वाटा मोठा असतो. इंजिन नेहमीपेक्षा जास्त तेल खाऊ लागले की, पाण्याची पाळी लांबते व पीक सुकते, किंवा पिकाचा नफा इंजिनाच्या टाकीत ओतला जातो. अशा वेळी इंजिन जुने झाले असे समजून ते खोलले जाते, रिंगा व लायनर बदलले जातात, आणि एवढा खर्च होऊनही पुष्कळदा तेलाचा खप होता तेवढाच राहतो. दोष कोठे आहे हे पाहण्यापूर्वीच उपाय केला, म्हणजे असे होते. नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये, तसेच मोजमाप केल्यावाचून इंजिन खोलू नये.

मोजमाप कसे करावे

इंजिन वीस मिनिटे चालवून गरम होऊ द्यावे व मग बंद करून टाकी खुणेपर्यंत भरावी. त्यानंतर नेहमीच्या भारावर बरोबर एक तास चालवून टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत लिटरच्या मापाने भरावी. जितके तेल लागेल तो ताशी खप होय. सुस्थितीतील ५ अश्वशक्तीच्या इंजिनास पूर्ण भारावर ताशी साधारणपणे १ ते १¼ लिटर डिझेल लागते.

परंतु एवढ्यानेच भागत नाही. त्याच तासात पाणी किती आले हेही पाहिले पाहिजे. त्यासाठी २०० लिटरचे पिंप भरावयास किती सेकंद लागतात ते मोजावे. समजा, ताशी १.२ लिटर डिझेलवर पिंप २० सेकंदांत भरत होते. म्हणजे दर लिटर डिझेलमागे ३०,००० लिटर पाणी मिळत होते. आता डिझेल तेवढेच लागते, पण पिंप भरावयास ३० सेकंद लागतात. म्हणजे लिटरमागे २०,००० लिटरच पाणी मिळते. येथे विहिरीची पातळी पूर्वीइतकीच असेल, तर इंजिनावर ठपका ठेवण्यापूर्वी पंप, नळ व पट्टा पाहावा.

पंपाकडील दोष

फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकला असेल तर ती साफ करावी. ओढनळाच्या सांध्यातून किंवा पंपाच्या ग्लँडमधून हवा शिरत असल्यास पाणी तुटकतुटक पडते. ओढनळास अनावश्यक वळणे नसावीत. पंप पाण्याच्या पातळीपासून शक्यतो ६ मीटरपेक्षा उंच ठेवू नये. उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यास पंपही खाली उतरवावा. पट्टा घसरत असेल तर कप्पी तापते व तिला चकाकी येते; तो योग्य ताणाने व सरळ रेषेत बसवावा. पंप लहान व इंजिन मोठे असेल, तर हलक्या भारावर दर अश्वशक्तीमागे डिझेल अधिक जळते.

फुकट होणारे उपाय

तेलाच्या नळीच्या प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरावा. थेंब थेंब गळणारे डिझेल हंगामात डबेच्या डबे वाया घालविते. हवागाळणी धुळीने चोंदली असल्यास ती धुऊन तिच्यातील तेल खुणेपर्यंतच भरावे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात विहिरीचे सगळे थंड पाणी सोडण्याची चूक सर्रास आढळते. इंजिन गारच राहिले तर तेल पुरते जळत नाही व खप वाढतो. बाहेर पडणारे पाणी सुमारे ६० ते ७० अंश सेल्सियस असावे, एवढ्या बेताने तोटी आवळावी. मात्र पाणी पूर्ण बंद करू नये.

धुराचा रंग काय सांगतो

इ. स. १८९३ मध्ये रुडॉल्फ डिझेल यांना ज्या इंजिनाचे पेटंट मिळाले, त्यात ठिणगीची आवश्यकता नव्हती. आजच्या डिझेल इंजिनातही जोराने दाबलेली हवा तापते व तीत तेलाचा बारीक फवारा पडताच तो पेटतो. म्हणून हवा, दाब, फवारा व वेळ या चारांपैकी एकही बिघडले, तर त्याची खूण धुरात दिसते.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले तेल. हवा कमी पडणे, भार जास्त असणे, किंवा नोझल ठिबकणे ही त्याची कारणे होत. थंड इंजिन चालू करताना थोडा वेळ पांढरा धूर आला तर काळजीचे कारण नाही. तो थांबलाच नाही, तर तेलात पाणी आहे, दाब कमी आहे किंवा फवाऱ्याची वेळ चुकली आहे असे समजावे. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. वंगण खुणेपेक्षा जास्त भरलेले नसेल, तर रिंगा व लायनर झिजल्याचा संशय घ्यावा. इंजिन खोलण्याचा विचार करावयाचा तो येथे, त्यापूर्वी नव्हे.

नोझल व तेलपंप

नोझलची तपासणी कार्यशाळेतील चाचणीयंत्रावरच करवून घ्यावी. फवारा धुक्यासारखा, सारखा व न ठिबकता पडला पाहिजे, आणि दाब उत्पादकाने दिल्याप्रमाणे असावा. नोझलच्या छिद्रात तार घालू नये. चालू फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्याच्या दाबाने तेल कातडीत शिरते व हात गमावण्याचा प्रसंग येतो. असे झाल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. शक्ती कमी वाटली म्हणून तेलपंपाचे सील तोडून तेल वाढविणे हा उपाय नव्हे. त्याने केवळ धूर वाढतो. डिझेलचे पिंप जमिनीपासून उंच ठेवावे, तेल निवळू द्यावे, तळचा गाळ व पाणी टाकीत जाऊ देऊ नये.

एका वेळी एकच दुरुस्ती

सर्व भाग एकदम बदलले, तर दोष कोणता होता हे कळत नाही आणि चांगल्या भागांवरही पैसा खर्च होतो. म्हणून बिनखर्चाचा उपाय आधी करावा, त्यानंतर तासाचे मोजमाप पुन्हा घ्यावे व मगच पुढे जावे. ग्रामकार्यकर्त्यांनी रब्बीच्या पाण्यापूर्वी गावातील इंजिनांची अशी चाचणी घडवून आणावी, आणि प्रत्येक शेतकऱ्याने तारीख, विहिरीची पातळी, ताशी डिझेल व पिंप भरण्याचे सेकंद एका वहीत टिपून ठेवावेत. पुढील वर्षी इंजिनाची तक्रार आली, तर आधी ही वही पाहावी.